स्टेंटची घाई आणि डाव्या हाताचं बीपी

प्रश्न : माझी मुलगी ११ वर्षांची आहे. पाच महिन्यांपूर्वी तिचं डोकं सारखं दुखायचं. चष्मा लागला असेल म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पडदा बघितला आणि आधी बीपी तपासून घ्या म्हणाले. १६०/१०४ निघालं. डाव्या मनगटात नाडीच लागेना. सीटी अँजिओग्राफीत उजव्या किडनीची धमनी ७० टक्के अरुंद दिसली, डाव्या हाताकडे जाणारीही अरुंद. निदान झालं टाकायासू आर्टरायटिस, म्हणजे मोठ्या धमन्यांच्या भिंतींना येणारी सूज. सध्या स्टिरॉइड, आठवड्यातून एकदा मिथोट्रेक्झेट आणि बीपीच्या दोन गोळ्या चालू आहेत. आमचे डॉक्टर म्हणतात, आधी सूज आटोक्यात येऊ दे, मग फुग्याचं, म्हणजे धमनीत फुगा फुगवून ती रुंद करण्याचं (अँजिओप्लास्टीचं) बघू. दुसरं मत घेतलं, तर ते म्हणाले, स्टेंट टाकून मोकळे व्हा. माझे दीर विचारतात, सासऱ्यांना अटॅक आला तेव्हा लगोलग स्टेंट टाकला, मग पोरीच्या बाबतीत ही चालढकल कशाला? त्यात मिथोट्रेक्झेटच्या खोक्यातल्या कागदावर कॅन्सर हा शब्द वाचला आणि माझी झोप उडाली. घरी बीपीचं मशीन आणलंय. उजव्या हाताने ती लिहीत असते म्हणून डाव्या हाताला पट्टा लावते. १०४/६६ च्या आसपास येतं. मग एक गोळी कमी करावी का? स्टिरॉइडने चेहरा इतका सुजलाय की ती आरशासमोर उभी राहत नाही. परवा रात्री विचारत होती, "आई, हाताला नाडी नाही, मग हात जिवंत कसा?" मला उत्तर देता आलं नाही.
— एक आई

उत्तर :

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच ओळीवर अडखळले: "डाव्या हाताला पट्टा लावते." स्टेंटचं नंतर बोलू. आधी हे. गोळी कमी करू नका. आज संध्याकाळी पट्टा उजव्या हाताला लावा आणि जो आकडा येईल तो डॉक्टरांना कळवा.

कारण साधं आहे. डाव्या हाताकडे जाणारी धमनी अरुंद आहे, म्हणून त्या हातात रक्त कमी दाबाने पोहोचतं. म्हणूनच तर मनगटात नाडी लागत नाही. मशीन खोटं बोलत नाही, ते त्या हाताचं बीपी बरोबर सांगतंय. पण मेंदूला, हृदयाला आणि डोळ्यांना जो दाब सोसावा लागतोय, तो १०४ नाही. तो कदाचित १४० असेल, कदाचित त्याहून जास्त. चारही हातापायांचं बीपी घेऊन त्यात १० पेक्षा जास्त फरक आहे का हे पाहणं, मुलांमध्ये हा आजार ओळखण्याच्या निकषांपैकीच एक आहे. त्यामुळे तिच्या फाइलमध्ये चारही हातापायांचे आकडे लिहिलेले असायला हवेत. नसतील तर पुढच्या भेटीत आग्रहाने घ्यायला लावा. एरवी पायाचं वरचं बीपी हातापेक्षा थोडं जास्तच असतं. ते कमी आलं, तर पोटातली महाधमनीही कुठेतरी अरुंद आहे का, हे बघावं लागतं.

उजव्या हाताची धमनी मोकळी आहे असं रिपोर्टात स्पष्ट लिहिलंय का, तेही विचारून घ्या. काही मुलांच्या दोन्ही हातांच्या धमन्या अरुंद असतात. मग पायाचं बीपी हाच आधार उरतो. आणि पोटातल्या महाधमनीनेही दगा दिला असेल, तर कुठल्याच पट्ट्यावर पुरता विश्वास ठेवता येत नाही. तेव्हा हृदयाची भिंत जाड होतेय का हे इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत बघायचं आणि डोळ्याचा पडदा पुन्हा पुन्हा तपासायचा. तुमच्या मुलीचा आजार पकडला तो डोळ्यांच्या डॉक्टरांनी. त्या माणसाचे आभार माना. डोकं दुखतंय म्हटल्यावर नंबर काढून चष्मा हातात देणं सोपं होतं.

मोजायच्या पद्धतीबद्दल थोडं. पट्टा तिच्या दंडाच्या मापाचा हवा. लहान झाला तर आकडा उगाच वर जातो, मोठा झाला तर खाली येतो. पाच मिनिटं शांत बसवून, पाठ टेकवून, हात हृदयाच्या उंचीला ठेवून, दोन-तीन वेळा मोजा आणि लिहून ठेवा. मशीन एकदा दवाखान्यात नेऊन त्यांच्या मशीनशी ताडून बघा. आणि लिहिणं जरा थांबवलं तरी चालेल, गृहपाठ पाच मिनिटं थांबतो.

आता दिरांचा प्रश्न. त्यांचा राग मला समजतो आणि प्रश्नही रास्त आहे. पण सासऱ्यांच्या धमनीत आणि या मुलीच्या धमनीत जे घडलंय, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सासऱ्यांच्या हृदयाच्या धमनीत आतल्या बाजूला वर्षानुवर्षं चरबीचा थर साचला, एक दिवस तो फुटला, त्यावर गुठळी झाली आणि रक्त बंद पडलं. पुढचा स्नायू मिनिटामिनिटाला मरत होता. तिथे घाई हाच उपचार होता.

तुमच्या मुलीच्या धमनीत आत काही साचलेलं नाही. तिथे भिंतच आजारी आहे. शरीराची प्रतिकारशक्ती धमनीच्या भिंतीवर उलटली आहे. हा दाह बाहेरच्या थरापासून सुरू होतो, आत सरकतो, भिंत सुजते, जाड होते आणि शेवटी तिथे व्रण पडून ती आवळते. मधलं भोक लहान होत जातं ते असं. सीटीच्या चित्रात आपल्याला दिसतं ते भोक. चित्र बघून "इथे अडलंय, इथे उघडा" असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे, मलाही सुरुवातीच्या वर्षांत वाटायचं. पण भिंतीतला दाह चालू असताना फुगा फुगवला, म्हणजे आधीच सुजलेल्या भिंतीला आतून नवीन चीर दिली. ती भिंत या जखमेला आणखी जाड होऊनच उत्तर देते. भिंतीत ओल असताना वरून रंग काढला तर दोन महिन्यांत पोपडे पडतात, तसं. सूज चालू असताना केलेली अँजिओप्लास्टी पुन्हा बंद होण्याचं प्रमाण, आजार शांत असताना केलेल्यापेक्षा जास्त असतं. हा माझ्या एकटीचा अनुभव नाही. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१८ च्या शिफारशी आणि अमेरिकेतल्या संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचना, दोन्हीकडे हेच लिहिलंय: आणीबाणी नसेल तर आजार शांत होईपर्यंत थांबा. अमेरिकेच्या सूचना किडनीच्या धमनीबद्दल आणखी पुढे जातात. त्या म्हणतात, आधी दाहावरची आणि बीपीची औषधं नीट वापरा. बीपी तरीही ऐकत नसेल किंवा किडनीचं काम खालावत असेल, तर मग उघडण्याचा विचार करा.

म्हणजे तुमचे डॉक्टर चालढकल करत नाहीत. ते उपचारच करतायत, फक्त तो फोटोत दिसत नाही.

थांबण्याचा आणखी एक फायदा, ज्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. भोक लहान होतं ते काही सुजेमुळे आणि काही व्रणामुळे. व्रणाचा भाग औषधाने जात नाही. सुजेचा भाग जाऊ शकतो. आजार लवकर सापडला असेल तर काही मुलांमध्ये औषधांवरच धमनी थोडी मोकळी होते आणि बीपीच्या गोळ्या कमी होतात. ज्या जागी कदाचित फुग्याची गरजच पडणार नाही, तिथे आधीच स्टेंट बसवून ठेवायचा का?

स्टेंटबद्दल माझं मत जरा कडक आहे. ११ वर्षांच्या मुलीची किडनीची धमनी साधारण चार-साडेचार मिलिमीटरची. मोठेपणी ती पाच-सहा मिलिमीटरची होणार. मुलगी वाढते, धमनी वाढते, धातूची जाळी वाढत नाही. आज बरोबर बसलेला स्टेंट उद्या तोकडा पडतो. काही प्रकारचे स्टेंट नंतर मोठ्या फुग्याने थोडे ताणता येतात, पण त्यालाही मर्यादा आहे. शिवाय जाळीच्या आत नवीन पेशी वाढून ती पुन्हा बंद होऊ शकते आणि आत जाळी असलेल्या जागेवर पुढे शस्त्रक्रिया करणं सर्जनला जास्त कठीण जातं. म्हणून मुलांमध्ये पहिला पर्याय नुसता फुगा. स्टेंट राखून ठेवायचा तो फुग्याने भिंत आतून फाटली, किंवा फुगा काढताच धमनी रबरासारखी परत आवळली, अशा वेळेसाठी. "टाकून मोकळे व्हा" या वाक्यातलं "मोकळे" मला पटत नाही. या आजारात स्टेंट टाकून कुणी मोकळं होत नाही.

मग कधी थांबायचं नाही? हे तुम्हाला ठाऊक असलंच पाहिजे, कारण थांबणं म्हणजे डोळे मिटून बसणं नव्हे. तीन-चार औषधं पुरेशा मात्रेत देऊनही बीपी उतरत नाही. हृदय दमायला लागतं, फुप्फुसात पाणी होतं. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम सांगणारा रक्तातला आकडा, चढतं. किंवा सोनोग्राफीत उजवी किडनी लहान होत जाते. हे शेवटचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. दर सोनोग्राफीच्या रिपोर्टात दोन्ही किडन्यांची लांबी सेंटिमीटरमध्ये दिलेली असते. ती ओळ शोधा आणि मागच्या रिपोर्टाशी ताडून बघा. या वयात दोन्ही किडन्या वाढायला हव्यात. डावी वाढतेय आणि उजवी तिथेच आहे किंवा आक्रसतेय, तर उजवीला रक्त पुरत नाही. कुठली किडनी किती टक्के काम करते हे सांगणारा डीएमएसए स्कॅनही असतो. किडनी पूर्ण सुकल्यावर तिची धमनी उघडण्यात काही राम नाही. म्हणून या आकड्यांवर सतत नजर हवी. तशी वेळ आलीच, तर दाह पूर्ण शांत नसतानाही धमनी उघडावी लागते; मग फुग्याच्या आधी आणि नंतर स्टिरॉइडची मात्रा वाढवून, बाकीची औषधं चालू ठेवून ते करतात.

डाव्या हाताचं काय, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगते. त्याला बहुधा कधीच फुगा लागणार नाही. मुख्य रस्ता हळूहळू अरुंद होत गेला की शरीर आजूबाजूच्या बारीक धमन्यांना रुंद करून आडवाटा काढतं. हाताच्या बाबतीत त्या आडवाटा छान तयार होतात. केस विंचरताना, वेणी घालताना तो हात लवकर दुखेल, मग जरा खाली घ्यायचा. औषधांनी आजार थांबला की हे दुखणंही बऱ्याचदा कमी होतं. नाडी लागत नाही एवढ्या एका कारणासाठी हाताची धमनी उघडायला कुणी सुचवलं, तर पुन्हा विचारा.

आता दाह शांत झाला हे ओळखायचं कसं? इथे खरी कसोटी आहे. रक्तातलं ईएसआर आणि सीआरपी, म्हणजे शरीरातला दाह दाखवणारे आकडे, उतरले की सगळ्यांना हायसं वाटतं. पण या आजारात हे दोन्ही नॉर्मल असताना भिंतीत दाह चालू असल्याचं पुष्कळदा आढळलंय. पुढे टोसिलिझुमॅब हे इंजेक्शन सुरू करावं लागलं, तर सीआरपीवर अजिबात विसंबू नका, कारण ते औषध सीआरपी बनवणारा संदेशच अडवतं. आकडा खाली जातो, आजार गेला असेलच असं नाही. म्हणून ताप, थकवा, वजन, मानेत धमनीवर दुखणं, नवीन जागी नाडी मंदावणं आणि काही महिन्यांनी केलेली एमआर अँजिओग्राफी हे सगळं एकत्र बघतात. नवीन जागा अरुंद झाली नाही, भिंतीची सूज उतरली आणि स्टिरॉइड कमी करत आणूनही हे टिकून राहिलं, की म्हणायचं शांत. याला आठवडे नाही, महिने लागतात. एमआरला किरणोत्सर्ग नसतो, म्हणून मुलांमध्ये पुन्हा पुन्हा तपासायचं असेल तर सीटीपेक्षा तो बरा.

मिथोट्रेक्झेटच्या कागदाबद्दल. औषध तेच, मात्रेत जमीन-अस्मानाचा फरक. कॅन्सरमध्ये ते पेशी मारण्यासाठी मोठ्या मात्रेत देतात. इथे आठवड्यातून एकदा, छोट्या मात्रेत, भडकलेल्या प्रतिकारशक्तीला आवर घालायला देतात. मुलांच्या संधिवातात ते कित्येक दशकं वापरात आहे. यातला खरा धोका वेगळाच आहे, आणि तो घरातच असतो: आठवड्याची गोळी चुकून रोज दिली जाणं. हे जिवावर बेतू शकतं. वार ठरवा, पाकिटावर जाड पेनने तो वार लिहा, आणि गोळी देणारं माणूस एकच ठेवा. तुम्ही दिलीत आणि आजीनेही दिली, असं व्हायला नको. फॉलिक अॅसिड सांगितलं असेल ते चुकवू नका. ठरलेल्या वेळी रक्त आणि लिव्हरची तपासणी करा.

स्टिरॉइड. चेहरा औषधाने सुजलाय आणि मात्रा उतरत गेली की तो महिन्यांत उतरेल, हे तिला तुम्ही नाही, तिच्या डॉक्टरांनी तिच्याकडे बघून सांगायला हवं. आईचं बोलणं ११ वर्षांच्या मुलीला समजूत वाटते. मिथोट्रेक्झेट देण्यामागे स्टिरॉइड लवकर कमी करता यावं हाही हेतू असतो. तेवढ्याने भागलं नाही तर टोसिलिझुमॅब किंवा इन्फ्लिक्सिमॅब, अॅडालिमुमॅब यांच्यासारखी औषधं असतात. ती सुरू करण्याआधी क्षयरोग दडलेला नाही ना, हे तपासतात. पण चेहऱ्याला कंटाळून तिने गोळ्या गुपचूप फेकल्या तर ते फार धोक्याचं आहे, आणि या वयाची मुलं हे करतात. स्टिरॉइड काही आठवडे घेतल्यावर शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवणं थांबवतं; अचानक बंद केलं तर माणूस कोसळू शकतो. उलट्या होऊन गोळी पोटात टिकत नसेल तरी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. मीठ कमी ठेवा. त्याने बीपीलाही मदत होते आणि सुजेलाही. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, उंचीची नोंद, डोळ्यात मोतीबिंदू तर होत नाही ना, हे सगळं तिचे डॉक्टर बघत असतीलच.

लसींचं विसरू नका. या औषधांवर असताना गोवर, कांजिण्यांसारख्या जिवंत लसी देत नाहीत. फ्लूचं आणि न्यूमोकोकसचं इंजेक्शन मात्र चालतं आणि द्यायलाही हवं. शाळेत लसीकरण असेल तर आधी विचारा.

बीपीच्या गोळ्यांमध्ये एक गट जपून वापरायचा असतो: एनालाप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन वगैरे. अरुंद धमनीमागची किडनी रक्त कमी पडतंय असं समजून रेनिन नावाचं द्रव्य सोडते, त्यातून बीपी चढतं, आणि ही औषधं नेमकी ती साखळी तोडतात. एका बाजूची किडनी नीट असेल तर तज्ज्ञ ती वापरतातही, क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासत. पण दोन्ही बाजूंच्या धमन्या अरुंद असतील, किंवा चालू किडनी एकच असेल, तर किडनीचं काम एकदम ठप्प होऊ शकतं. म्हणून घरातल्या मोठ्यांची बीपीची गोळी "आज जरा जास्त आलंय" म्हणून तिला कधीही देऊ नका.

समजा उद्या फुग्याची वेळ आलीच. मुलांना बहुधा पूर्ण भूल देतात. जांघेतल्या धमनीतून बारीक तार किडनीच्या धमनीपर्यंत नेतात, तिच्यावरून मिटलेला फुगा सरकवतात आणि अरुंद जागी फुगवतात. पडद्यावर तो फुगा मध्येच आवळलेला दिसतो, डमरूसारखा. दाब वाढवत नेला की ती कंबर सुटते आणि फुगा सरळ होतो. या आजारातला व्रण चिवट असतो, त्यामुळे कधी कधी कंबर सुटतच नाही. मग बारीक पाती असलेला फुगा वापरतात. भिंत फाटणं, गुठळी होणं, जांघेतल्या धमनीला इजा होणं हे धोके आहेत. अनुभवी हातात ते कमी होतात, शून्य होत नाहीत. झाल्यावर बीपी उतरतं, पण गोळ्या एकदम सुटतील असं धरून चालू नका. आणि स्पष्टच सांगते, काही महिन्यांनी किंवा वर्षांनी तीच जागा पुन्हा अरुंद होऊ शकते, पुन्हा फुगा लागू शकतो. बायपास किंवा किडनी काढून दुसऱ्या जागी जोडण्याची शस्त्रक्रियाही करतात, पण शक्य असेल तर ती मुलीची वाढ पूर्ण होईपर्यंत लांबवतात, म्हणजे जोड तोकडा पडत नाही.

म्हणून दोन मतांमधून एक निवडण्यापेक्षा त्या दोघांना एकमेकांशी बोलायला लावा. मुलांचे ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट (संधिवाततज्ज्ञ), मुलांचे किडनीतज्ज्ञ आणि प्रत्यक्ष फुगा घालणारे डॉक्टर, हे तिघं एकच चित्र समोर ठेवून बोलले पाहिजेत. फुगा घालणाऱ्यांना विचारा, तुम्ही लहान मुलांच्या किडनीच्या धमनीत हे किती वेळा केलंय? चांगला डॉक्टर या प्रश्नावर चिडत नाही. ऱ्हुमॅटॉलॉजिस्टना विचारा, निदानाबद्दल किती खात्री आहे? कारण मुलांमध्ये किडनीची धमनी दाह नसतानाही अरुंद होते. फायब्रोमस्क्युलर डिस्प्लेसिया किंवा न्यूरोफायब्रोमॅटोसिस ही त्याची कारणं, आणि त्यांना स्टिरॉइड लागत नाही. तुमच्या मुलीच्या बाबतीत हाताची धमनीही अरुंद आहे, हे टाकायासूच्या बाजूने जातं, पण विचारण्यात गैर काही नाही. मी रिपोर्ट पाहिलेले नाहीत, ज्यांनी पाहिलेत त्यांचा शब्द माझ्यापेक्षा वरचा.

एक आगाऊ उत्तर, कारण नातेवाइकांत कुणीतरी हे हमखास सांगतं: "कावासाकीत इंजेक्शन देऊन पोर बरं झालं, हिला ते द्या." कावासाकी हाही लहान मुलांच्या रक्तवाहिन्यांचाच दाह, पण तो हृदयाच्या धमन्या फुगवतो, बहुधा पाच वर्षांखालच्या मुलांना होतो, आणि तिथलं इम्युनोग्लोब्युलिन ताप आल्यापासून दहा दिवसांच्या आत द्यायचं असतं. हा आजार तो नाही.

रात्री-अपरात्री कशासाठी निघायचं, ते फ्रिजवर लिहून लावा. असह्य डोकेदुखी आणि उलट्या, अचानक अंधूक दिसणं, झटका, तोंड वाकडं होणं, एका बाजूची ताकद जाणं, बोलताना जीभ अडखळणं, आडवं झाल्यावर धाप लागणं, लघवी फार कमी होणं. तोंड वाकडं झालं तर वारं लागलं म्हणून शेकत बसू नका. जास्त बीपीमुळेही मुलांचा चेहरा वाकडा होतो. दवाखान्यात पोहोचताच पहिलं वाक्य हे बोला: "हिला टाकायासू आहे, बीपी उजव्या हाताचं घ्या." घाईत समोर दिसेल त्या हाताला पट्टा बांधला जातो.

राहिला तिचा प्रश्न. मला तो तुमच्या सगळ्या प्रश्नांत आवडला. तिला सांगा, हा प्रश्न डॉक्टरांनाही पडला होता. १९०८ साली जपानमधल्या मिकितो टाकायासू नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी एका तरुणीच्या डोळ्याच्या पडद्यावर रक्तवाहिन्यांची विचित्र माळ पाहिली आणि ती सभेत मांडली. तेव्हा दुसऱ्या दोन डॉक्टरांनी सांगितलं, आमच्याकडेही असे रुग्ण आहेत, आणि त्यांच्या मनगटाला नाडी लागत नाही. हाताला नाडी नव्हती, पण ती माणसं चालत-बोलत होती, त्या हातांनी कामं करत होती. नाडी म्हणजे रक्त नव्हे. नाडी म्हणजे रक्ताचा धक्का, जो बोटाला कळतो. तिच्या हातात रक्त आडवाटांनी, धक्का न देता, गुपचूप जातंय. हात गरम आहे ना, नखं गुलाबी आहेत ना, तिला स्वतःला बघू द्या.

आणि पुढच्या भेटीला एक करा. डॉक्टरांकडे रक्ताच्या प्रवाहाचा आवाज ऐकवणारं, हातात धरायचं छोटं डॉप्लर यंत्र असतं, पेनासारखं टोक असलेलं. ते तिच्या डाव्या मनगटावर जेल लावून धरायला सांगा आणि आवाज मोठा करायला सांगा. बोटाला जे लागत नाही, ते त्यात बहुतेक वेळा ऐकू येतं, वाऱ्यासारखं हलकं सुस्स, सुस्स. मग तेच उजव्या मनगटावर धरा. दोन्ही आवाजांत फरक काय, ते तिलाच सांगू द्या.